पाव आण्याच्या कार्डावर पोटाचं दुखणं

होटगी_रोड

नाडी न धरता, जीभ न बघता, नुसत्या पत्रावर पोटाची दुखणी हाताळणारे वैद्य आणि डॉक्टर जगभर होऊन गेलेत. त्यांची जी पत्रं छापून आली आहेत ती चाळली की एक गोष्ट ठळक दिसते. औषध थोडं आणि काय खा, कधी खा, किती चाला हेच जास्त. पूर्वीच्या लोकांना आहाराचं महत्त्व कळत होतं, असं यावर लगेच म्हटलं जातं. मला ते कारण अर्धवट वाटतं. माझ्या मते खरं कारण अंतराचं आहे. रेचक जास्त झालं तर वैद्य पन्नास कोसांवर, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत रोगी अंथरुणात. ‘रात्रीचं जेवण निम्मं करा’ हे चुकलं तर माणूस फार तर चिडचिड करेल. लांबून देता येईल असं सगळ्यात कमी धोक्याचं औषध म्हणजे पथ्य.

आधी लांबची उदाहरणं.

मैमोनिडीस हा यहुदी तत्त्वज्ञ-वैद्य, कैरोला लागून असलेल्या फुस्तातमध्ये राहायचा. सुलतान सलाउद्दीनचा थोरला मुलगा अल-अफदल याने त्याच्याकडे तक्रारी कळवल्या: बद्धकोष्ठ, अपचन, मन उदास. साधारण ११९८ साली मैमोनिडीसने अरबीत त्याला सविस्तर आरोग्यनियम लिहून पाठवले. पोट गच्च भरायच्या आत ताटावरून उठा, जेवणाआधी अंग हलवा, कोठा मऊ ठेवा. पुढे आणखी एक पत्र झालं. तोवर दरबारातल्या वैद्यांत मतभेद झाले होते आणि निवाडा करायला याला विचारलं होतं. हा स्वतः आजारी, जाणं शक्य नाही. त्यात त्याने मद्य आणि गायन दोन्हींचा उपयोग सांगितला आणि वर स्पष्टीकरणही दिलं: हे धर्मात निषिद्ध आहे हे मला माहीत आहे, पण गुण काय आहे ते सांगणं वैद्याचं काम, घ्यायचं की नाही ते रोग्याने ठरवावं. राजपुत्राला असं लिहायला धाडस लागतं.

दुसरा जॉर्ज चेन, इंग्लंडातल्या बाथ गावचा डॉक्टर. एके काळी स्वतःच दोनशे किलोच्या घरात गेलेला आणि दूध-भाजीपाल्यावर राहून उतरलेला. लंडनचा कादंबरीकार-मुद्रक सॅम्युएल रिचर्डसन याला तो १७४३पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, पत्रांतून पथ्य सांगत होता. रिचर्डसनचं काम बैठं, शरीर सुटलेलं. त्याला चेनने बसल्या जागी घोडदौडीचे हिसके देणारी व्यायामाची खुर्ची घ्यायला लावली. म्हणजे जिममधलं यंत्र काही आपल्या पिढीने शोधलेलं नाही.

एडिंबराच्या डॉक्टर विल्यम कलनकडे पत्रं इतकी यायची की १७८१पासून तो जेम्स वॉटच्या (हो, वाफेच्या इंजिनवालाच) नकलायंत्रावर आपल्या उत्तरांच्या प्रती काढून ठेवू लागला. पण माझा आवडता माणूस स्वित्झर्लंडच्या लोझानचा डॉक्टर टिसो. त्याने १७६१ साली सामान्य लोकांसाठी आरोग्याचं पुस्तक काढलं आणि त्यात डॉक्टरकडे जाताना किंवा निरोप धाडताना कोणत्या प्रश्नांची उत्तरं तयार पाहिजेत, त्याची यादीच दिली. वय काय, दुखणं कधीपासून, झोप कशी, भूक कशी, शौचाला कसं होतं. समोर नसलेल्या माणसाला बघायचं तर त्याला नीट बोलतं करावं लागतं, हे त्याने ओळखलं होतं.

आता आपल्याकडे. सोलापूरला रेल्वे १८६०मध्ये आली. १८७७ साली व्हीपी (पार्सल हातात पडताना पोस्टमनकडे पैसे भरायची सोय) सुरू झाली, १ जुलै १८७९ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, १८८०मध्ये मनिऑर्डर. तीन-चार वर्षांत वैद्याचा इलाखा एका दिवसाच्या चालीवरून थेट टपाल पोचेल तिथवर गेला. कार्डावर लक्षणं, व्हीपीने चूर्ण, मनिऑर्डरीने दक्षिणा.

आमच्या घरी पंचम जॉर्जचं तोंड छापलेली अशी काही कार्डं आहेत. पणजोबा इथल्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. १९११च्या कायद्यानंतरही गिरणीत पुरुषांचा दिवस बारा तासांचा होता. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर गिळायचं. पोटात गुबारा, करपट ढेकर, दोन-दोन दिवस परसाकडला नाही. वैद्य पंढरपूरकडचे. पहिल्या कार्डात त्यांनी औषध दिलेलंच नाही, फक्त विचारलंय. निजताना कोमट दूध घेतलं तर सकाळी पोट साफ होतं का? ढेकरेला आदल्या जेवणाचा वास येतो का? भूक वेळेवर लागते, की घड्याळ बघून जेवता?

दुसऱ्या कार्डात पथ्य. दुपारची भाकरी कोरडी चटणीशी चघळू नका, ताकात कुस्करून खा. शेंगाचटणी रात्री बंद. तुरीऐवजी मूग. जेवणाआधी आल्याचा तुकडा सैंधव लावून. सोबत हिंग्वाष्टक, पहिल्या घासाला तुपात कालवून. तेसुद्धा ‘हवं तर व्हीपीने धाडतो, नाहीतर घरी करा’ असं म्हणून आठही जिन्नस दिलेत: सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, शहाजिरं, सैंधव, हिंग. धंद्याच्या दृष्टीने अगदीच कच्चा माणूस.

कुणाच्या घरी असं काही आहे का? आणि अंतराचं कारण पटतं का?

बे_एके_बे

सकाळपासनं वाचूलालो अन् हसूलालो बे. कार्ड म्हंजे उघडं. पोस्टमन वाचणार, चाळीच्या तोंडाशी बसलेला म्हातारा वाचणार, मग पणजोबाला मिळणार. ‘काय जॉबर, आज झाली का?’ असं अख्खी गल्ली विचारत असंल की!

होटगी_रोड

अहो, त्यावर उपाय होता. ‘सकाळचे काम अद्याप होत नाही’, ‘काम दोन वेळा झाले’ अशी भाषा आहे. मला आधी वाटलं गिरणीच्या कामाबद्दल लिहिलंय.

पणजीचं मात्र बंद पाकिटात जायचं. आणि तेही पणजोबांच्या अक्षरात, ‘कुटुंबाचे पोटांत दुखते’ एवढंच. कुठे, कधी, जेवणाआधी की नंतर, काही नाही. वैद्यांनी उलट विचारलंय, की त्यांना स्वतःला विचारून लिहा. पुढच्या पत्रात उत्तर आहे, पण मला ते पणजोबांनी मनानेच लिहिल्यासारखं वाटतं. कलन-टिसोंच्या पत्रांतही बायकांबद्दल पुष्कळदा नवरा, बाप, नाहीतर गावचा पाद्री लिहितो. दुखणाऱ्या पोटापासून वैद्यापर्यंत मध्ये दोन-तीन माणसं.

तक्रारदार

(आयडी ताकावरून घेतलाय, तक्रार काही नाही.)

सुंदर धागा. योगरत्नाकर या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात रोग्याच्या आठ परीक्षा दिल्यात: नाडी, मूत्र, मल, जिह्वा, शब्द, स्पर्श, दृक्, आकृती. यातलं पत्रातून काय जातं बघा. नाडी गेली, स्पर्श गेला, आवाज गेला, चेहरामोहरा गेला. उरलं मल, मूत्र आणि फार तर आरशात बघून सांगितलेली जीभ. म्हणजे टपालाच्या वैद्याकडे पोटाचीच खबर पुरेशी पोचते. छातीचं किंवा तापाचं दुखणं तसं पोचत नाही. ही पत्रं पचनाबद्दल जास्त असण्याचं हेही एक कारण धरा.

आणि दुधाचा प्रश्न उगाच नाही. आयुर्वेदात कोठ्याचे मृदू, मध्य, क्रूर असे प्रकार केलेत. मृदू कोठ्याला गूळ, उसाचा रस, दूध एवढ्यानेही रेच होतो, क्रूर कोठ्याला त्याने काही होत नाही. वैद्यबुवा पाव आण्यात रोग्याकडूनच त्याची परीक्षा करून घेत होते. ढेकरेचंही तेच. शुद्ध ढेकर, उत्साह, मलमूत्राचा वेळेवर वेग, अंग हलकं, भूक आणि तहान ही जेवण जिरल्याची लक्षणं सांगितलीत. यातलं एकही बघायला वैद्य लागत नाही.

अन्ननलिका

पोटविकारांचा डॉक्टर आहे, म्हणून थोडं विरजण घालतो.

एक. ज्याला गुण आला त्यानेच दुसरं कार्ड लिहिलं आणि तेच घरात जपून राहिलं. ज्याला आतड्याचा क्षय होता, ज्याच्या जठरात गाठ होती, त्याचा पत्रव्यवहार दुसऱ्या पत्रानंतर थांबला. पेटीत सापडतात ती यशाचीच पत्रं.

दोन. पथ्य निरुपद्रवी असतं हे मला मुळीच मान्य नाही. पंढरपूरच्या वारीत पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथी यायच्या हे इथे कुणाला सांगायला नको. पटकीच्या रोग्याचं पाणी तोडायची रीत कितीतरी ठिकाणी होती, आणि माणूस मरतो तो पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळेच. १९७१मध्ये पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. तिथला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो चारच्या खाली आला. पाणी देणं काय आणि तोडणं काय, दोन्ही पथ्यच.

आणि फक्त वैद्यांना धरायला नको, आमच्या लोकांनीही कमी केलेलं नाही. शिकागोच्या सिपी नावाच्या डॉक्टरने १९१५मध्ये अल्सरवर तासातासाला दूध-मलईचा आहार काढला आणि तो कित्येक दशकं चालला. दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग आम्ल आणखी सुटतं. १९८२मध्ये ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन यांना जठरातला हेलिकोबॅक्टर सापडला. बहुतेक अल्सरांचं मूळ तो जंतू निघाला. त्यांना २००५चं नोबेल मिळालं. मधल्या काळात किती जणांनी रोज लोटीभर दूध पिऊन अल्सर सांभाळला असेल!

दुधाने पोट ‘साफ’ होणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नसते. म्हणजे प्रश्न चोख होता, अर्थ आम्ही वेगळा लावतो.

होटगी_रोड

डॉक्टरसाहेब, विरजण उत्तम लागलं. पण पटकीचं उदाहरण या धाग्यात बसत नाही असं माझं मत. पटकीत माणूस दिवसाच्या आत जातो, तिथे कार्ड लिहिणार कोण? टपालाचं दुखणंच मुळी सावकाश चालणारं. जे पंधरा दिवस थांबू शकतं तेच पत्रात येतं, आणि अशा दुखण्यात जेवणाची वेळ बदलणं हा तरी कमी धोक्याचा मार्ग. क्षय आणि गाठींबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. आमच्या पेटीतही एका चुलत पणजोबांचं एकच पत्र आहे. त्याला उत्तर आहे, पुढे काही नाही.

पूर्वभाग

आमच्या घरी तेलुगू. आजोबा तेलंगणातून आले, साखर पेठेत खड्डामागावर बसले. खड्डामाग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून पावडी दाबायच्या, आणि पोट दिवसभर कापडाच्या तुळईला टेकलेलं. जेवण झालं की लगेच त्याच घडीत परत. टिसोने बैठं काम करणाऱ्या विद्वानांच्या पोटाबद्दलही लिहिलंय असं ऐकून आहे. आमच्या विणकरांबद्दल कुणी लिहिलं नाही, पण दुखणं तेच.

आमच्याकडे वैद्याला नाही, गावाकडच्या थोरल्या आजीला पत्र जायचं. पत्र तेलुगूत. आजीला वाचता येत नव्हतं, तिकडे शाळेतला पोरगा वाचून दाखवायचा आणि उत्तरही तोच लिहायचा. उत्तर जवळजवळ ठरलेलं असायचं: जोन्ना अंबली. ज्वारीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं, गार झालं की ताक, मीठ, वरून कच्चा कांदा. मागावर बसण्याआधी एक लोटा. दुपारपर्यंत पोट हलकं राहतं आणि भूकही खवळत नाही. मराठी शेजारी त्यालाच आंबील म्हणायचे, कानडी शेजारी अंबली. तिघी बायका एकाच नळावर भांडायच्या आणि एकच पदार्थ प्यायच्या.

सुगरण_बाळीवेस

पूर्वभाग, अगदी खरं. माझं माहेर विजयपूरकडचं. आमच्यात आंबलीला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी नाही, नुसतं जिरं आणि ठेचलेला लसूण.

माझी एक शंका. पित्त होतं म्हणून हल्ली सगळे ज्वारीची भाकरी बंद करायला सांगतात, आणि सासूबाई म्हणतात भाकरीनेच पित्त जातं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडून सोलापुरात जगायचं कसं? दुसरं म्हणजे, पोटाचे तीन भाग करून जेवावं की चार? दोन्ही ऐकलंय.

तक्रारदार

सुगरणताई, दोन्ही बरोबर. चरक तीन भाग सांगतो: एक घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना, एक वात-पित्त-कफाला मोकळा. वाग्भट चार करतो, ‘अन्नेन कुक्षेर्द्वावंशौ पानेनैकं प्रपूरयेत्’, म्हणजे दोन अन्नाला, एक पाण्याला, चौथा मोकळा. वाग्भटाकडे अन्नाला निम्मं पोट मिळतं, चरकाकडे तिसराच हिस्सा. भाकरी खाणाऱ्यांनी वाग्भटाच्या बाजूने राहावं.

अन्ननलिका

ज्वारीने पित्त होतं असं सरसकट काही नाही. उलट तंतू चांगले असतात. शेंगाचटणीत तेल, तिखट, लसूण तिन्ही भरपूर आणि आपण ती खातो रात्री साडेदहाला, वर लगेच आडवे. भाकरीचं नाव उगाच खराब होतं. झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण उरकलं तर निम्म्या लोकांना गोळी लागणार नाही. तेव्हा ‘शेंगाचटणी रात्री बंद’ ही वैद्यबुवांची ओळ मी माझ्या चिठ्ठीवर छापून घ्यायला तयार आहे.

चिकित्सक

फारच गोग्गोड चाललंय. व्हीपीचा दुसरा चेहराही सांगा ना. जुनी मासिकं-पंचांगं काढून जाहिराती बघा: मंदाग्नी, अजीर्ण, मूळव्याध, धातुदौर्बल्य, सगळ्यावर एकच बाटली, पत्र टाका, घरपोच मिळेल. ना वय विचारलं, ना कोठा. टपालामुळे एक सज्जन वैद्य पणजोबांपर्यंत पोचला तसे शंभर भोंदू चुलत पणजोबांपर्यंत पोचले. सरकारला १९५४मध्ये औषधं आणि जादूई उपायांच्या जाहिरातींवर कायदा करावा लागला तो काय उगाच? आज मोबाईलवर ‘सात दिवसांत पोट सपाट’ येतं ते त्याचंच नातवंड.

होटगी_रोड

चिकित्सकराव, हे धाग्यातच यायला हवं होतं, बरं झालं तुम्ही लिहिलंत. आमच्याच पेटीत अशा एका बाटलीची व्हीपीची पावती आहे. वैद्यांना न सांगता मागवलेली दिसते, कारण पुढच्या कार्डात वैद्य फार तापलेत. बाटली आधी मोरीत ओता, मग मला लिहा, अशा अर्थाचं आहे.

बे_एके_बे

ते बाटलीवालं कार्ड टाक की फोटो काढून. पत्ता झाक फक्त.

कुंभारवेस_७७

नवीन आहे इथे, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. वडील ७१. महिनाभर भूक नाही, पँट सैल झाल्यात. गुडघ्यासाठी रोज पेनकिलर चालू आहे, मेडिकलवाल्याकडूनच आणतात. तीन दिवस झाले, शौचाला काळं होतंय, डांबरासारखं. उभं राहिलं की गरगरतं म्हणतात. ताक आणि मऊ भात चालू केलाय. हिंग्वाष्टक दिलं तर चालेल का? प्रमाण किती?

अन्ननलिका

नाही. काहीही देऊ नका. पेनकिलर आत्ता बंद. लोहाच्या गोळ्या चालू नसतील तर डांबरासारखं काळं म्हणजे जठरातून किंवा त्याच्या आसपास रक्त जातंय असंच धरून चालायचं, आणि गरगरतंय म्हणजे बरंच गेलेलं असू शकतं. हे पथ्याचं दुखणं नाही आणि धाग्यावर विचारायचं तर नाहीच. मार्च २०२०मध्ये ऑनलाइन सल्ल्याचे सरकारी नियम आले, त्यांतही लांबून भागत नसेल तर रोग्याला समोर बोलवायचं हेच सांगितलंय. जिथे एंडोस्कोपी आणि रक्तपेढीची सोय आहे अशा रुग्णालयात कॅज्युअल्टीला न्या.

कुंभारवेस_७७

ओपीडी सकाळी नऊला उघडते. उद्या पहिल्याच नंबरला नेऊ का?

अन्ननलिका

ओपीडी नाही, कॅज्युअल्टी, आणि उद्या नाही, आत्ता. दुचाकीवर नेऊ नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, रिकामीसुद्धा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर गेल्या गेल्या ते आधी सांगा. तोंडाने काही देऊ नका, एंडोस्कोपी करावी लागेल.

बे_एके_बे

कुंभार वेशीत कुठं हायस? गाडी घेऊन येतो. व्यनि (खाजगी निरोप) कर.

कुंभारवेस_७७

व्यनि केलाय. पाकिटं घेतली, दोन प्रकारची आहेत. खाली येऊन थांबतो.